साखरेच्या सेन्सरचा गजर खरा की खोटा, हे कसे ओळखायचे?

“सेन्सर लावल्यापासून मी जास्तच घाबरले आहे,” असे सांगतच त्या माझ्यासमोर बसल्या. दंडावर चिकटवलेला हा सेन्सर साखर सतत मोजून मोबाइलवर दाखवतो आणि ती उतरू लागली की गजर देतो. टाइप १ मधुमेहासह वीसेक वर्षे काढलेल्या या बाईंना (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) पूर्वी एकदा झोपेत साखर उतरून आकडी आली होती. त्या धास्तीने त्या रोज साखर १८० च्या पुढे ठेवूनच झोपत, आणि तरीही आठवड्यातून दोन-तीनदा मध्यरात्री गजर वाजे. “साखर उतरणार हे यंत्राला आधी कळते म्हणतात, मग बोटातून तपासल्यावर ती चांगली कशी निघते?” हा प्रश्न मला अनेकजण विचारतात.

मी त्यांना मोबाइलवरचा आलेख दाखवायला सांगितला. १२० च्या आसपास सपाट चाललेली रेघ २.१० वाजता कड्यावरून पडावी तशी ६२ वर कोसळली होती आणि थोड्याच वेळात तितक्याच वेगाने वर आली होती. सेन्सर कोणत्या दंडावर आहे, असे विचारले, “डाव्या.” आणि झोपता कोणत्या कुशीवर? उत्तर देण्याआधीच त्यांचा हात डाव्या दंडाकडे गेला.

सेन्सर रक्तातली नव्हे, तर कातडीखालच्या पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. त्यावर अंगाचा भार पडला की तेथील रक्तप्रवाह मंदावतो आणि आकडा खोटाच खाली जातो. एरवीही हा द्रव रक्ताच्या सुमारे ५ ते १५ मिनिटे मागे असतो, त्यामुळे साखर झपाट्याने उतरत असताना रक्तातला आकडा पडद्यावरच्यापेक्षा कमी असू शकतो. पुढचा इशारा देणारी यंत्रे मुख्यतः नुकत्याच झालेल्या उतारावरून २०-३० मिनिटांनंतरचा अंदाज बांधतात. त्याहून दूरचा अंदाज कच्चा असतो, कारण संध्याकाळी तुम्ही किती चाललात हे सेन्सरला ठाऊक नसते. ते तुम्हालाच ठाऊक असते.

खोटे गजर वाजतात म्हणून गजरच बंद करून टाकणे ही मला सर्वांत घातक चूक वाटते, आणि त्या नेमक्या त्याच विचारात होत्या. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून आम्ही ठरवले की पुढचा सेन्सर उजव्या दंडावर लावायचा आणि गजर झाला की बोटातून तपासायचे. साखर ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे; मात्र घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखे वाटत असेल, किंवा ग्लुकोमीटर (बोटातल्या रक्तातली साखर तपासण्याचे यंत्र) हाताशी नसेल, तर आधी ग्लुकोज घ्यायचे.

चार आठवड्यांच्या नोंदीत दोन गजर खरे निघाले. दोन्ही वेळी रेघ तासभर हळूहळू उतरत आली होती आणि दोन्ही दिवशी त्यांनी संध्याकाळी व्यायाम केला होता. व्यायामानंतर इन्सुलिनचा परिणाम कित्येक तास वाढलेला राहतो. मला अधिक महत्त्वाचे वाटले ते वेगळेच: दोन्ही वेळी त्यांना घाम आला नव्हता, थरथरही जाणवली नव्हती. साखर वारंवार उतरत राहिली की शरीराच्या या खुणा बोथट होतात, आणि काही आठवडे ती उतरू दिली नाही तर बऱ्याच जणांमध्ये त्या परतू लागतात. ज्यांना खुणा जाणवत नाहीत, त्यांना गजराची गरज सर्वाधिक असते.

डॉक्टरांनी व्यायामाच्या दिवशीचा रात्रीचा इन्सुलिनचा डोस कमी केला. मागच्या भेटीत या बाईंनी आलेख स्वतःहून माझ्यापुढे धरला. आदल्या रात्री झोपताना साखर १४० होती, आणि त्यावर वाढीव काही न खाता त्या झोपल्या होत्या.