कॅप्शनअभावी अडकलेले बिल: आधी पोचेची तारीख सांगा

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाचे पत्र आहे. नवरा-बायको मिळून छोटा व्हिडिओ स्टुडिओ चालवतात. लग्ने, जाहिराती, अधूनमधून सरकारी कामे. एका शासकीय कार्यालयासाठी त्यांनी बचत गटांच्या महिलांना दाखवायच्या, शेळीपालन आणि दूध व्यवसायाच्या चाळीस प्रशिक्षण चित्रफिती केल्या आणि २२ ऑगस्टला हार्ड डिस्क कार्यालयात नेऊन दिली. १९ डिसेंबरला कार्यालयाचे पत्र आले: चित्रफितींना क्लोज्ड कॅप्शन (बोलणे आणि आवाज अक्षरांत दाखवणाऱ्या, चालू-बंद करता येणाऱ्या ओळी) नाहीत, म्हणून उरलेले ५ लाख १८ हजारांचे बिल मंजूर करता येत नाही, शिवाय दिव्यांग कायद्याखाली कारवाई होऊ शकते. वाचक विचारतात, कॅप्शन देणे आमच्यासारख्या छोट्या व्यावसायिकावर बंधनकारक आहे का?

गेल्या वर्षभरात हाच प्रश्न मला निदान आठ-दहा जणांनी विचारला आहे आणि सगळ्यांनी तो असाच, चुकीच्या टोकाकडून विचारला आहे. तुमच्यापुरते उत्तर कार्यादेशाच्या अकराव्या अटीत आहे. ‘सर्व चित्रफिती शासकीय संकेतस्थळांसाठीच्या प्रचलित सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांनुसार असाव्यात.’ खाली तुमची सही आहे. सुगम्यता म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येणे. या तत्त्वांची, म्हणजे जीआयजीडब्ल्यूची, तिसरी आवृत्ती २०२३ साली आली. ती डब्ल्यूसीएजी २.१ या आंतरराष्ट्रीय निकषावर उभी आहेत आणि ध्वनिमुद्रित चित्रफितीला कॅप्शन हवेत, हा त्या निकषातला अगदी पहिल्या पातळीचा नियम आहे. तेव्हा कॅप्शन देणे लागत होते. अट वाचली नव्हती असे तुम्ही लिहिले आहे. चाळीस चित्रफितींचे काम घेताना तीन पानांचा कागद वाचायला वेळ नव्हता, हे मी समजून घेऊ शकत नाही. आता तो मुद्दा मनातून काढून टाका आणि ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे वाक्य कुठल्याही पत्रात लिहू नका.

तुमचे बिल कॅप्शनवर अडलेले नाही. ते पंधरा दिवसांच्या एका मुदतीवर ठरणार आहे आणि तिचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६. त्याच्या कलम २(ब) चे स्पष्टीकरण असे: माल किंवा सेवा मिळाल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने स्वीकृतीबद्दल लेखी हरकत घेतली नाही, तर ज्या दिवशी काम हाती पडले त्याच दिवशी ते स्वीकारले असे धरले जाते. हरकत मुदतीत घेतली असेल, तर तुम्ही ती दूर कराल तो दिवस स्वीकृतीचा. पैसे देण्याची मुदत, त्यावरचे व्याज, सगळे या एका दिवसापासून मोजायचे. ‘मंजुरीनंतर ९० दिवसांत देयक अदा केले जाईल’ ही तुमच्या कार्यादेशातली अट इथे टिकत नाही. कलम १५ प्रमाणे लेखी करार काहीही असो, स्वीकृतीपासून ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही.

२२ ऑगस्टला काम पोचले असेल तर पंधरा दिवस ६ सप्टेंबरला संपले आणि पैसे ६ ऑक्टोबरपर्यंत यायला हवे होते. १९ डिसेंबरची हरकत या हिशेबात फार उशिराची आहे. अट मोडल्याबद्दल कार्यालय वेगळा दावा सांगू शकेल, ती त्यांची वाट. पण ‘काम स्वीकारलेच नाही’ असे त्यांना सहजी म्हणता येणार नाही.

मात्र तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक गोष्ट लिहिली आहे. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. ३ सप्टेंबरला तिथल्या अधिकाऱ्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आला: ‘व्हिडिओ मिळाले. छान झालेत. कॅप्शनचं काय ते पाहून सांगतो.’ त्यावर तुम्ही उत्तर दिले, ‘हो सर, करून देतो.’

हा संदेश लेखी आहे का? आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४ नंतर व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे काही लेखी नव्हे, असे म्हणण्यात अर्थ नाही. ती हरकत आहे का? माझ्या मते नाही. ‘छान झालेत’ म्हणणारा आणि ‘पाहून सांगतो’ म्हणणारा माणूस काम नाकारत नसतो. पण तुमच्या ‘करून देतो’ने समोरच्या वकिलाला बोलायला जागा मिळाली. तो म्हणेल, काम अपुरे होते हे यांनी त्याच दिवशी मान्य केले. कुणाचे म्हणणे ग्राह्य धरले जाईल, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

तोच संदेश तुमच्या उपयोगाचाही आहे. हार्ड डिस्क तुम्ही शिपायाकडे देऊन आलात आणि पोच घेतली नाही. (सरकारी कार्यालयात काहीही देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायची, हे आपल्याकडे दाखल्यासाठी तहसीलमध्ये गेलेल्या शाळकरी मुलालाही माहीत असते.) २२ ऑगस्ट सिद्ध करता आला नाही, तरी ‘व्हिडिओ मिळाले’ हे ३ सप्टेंबरचे त्यांचे स्वतःचे शब्द आहेत. तिथून मोजले तरी मुदत १८ सप्टेंबरला संपते आणि मधल्या काळात त्यांच्याकडून दुसरे काहीच आलेले नाही. म्हणून तो फोन विकू नका, रिसेट करू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यातला एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने.

आता काय करायचे? कॅप्शन तयार करून द्या, लगेच. तो संदेश हरकत ठरला, तर ती दूर केल्याच्या दिवशी तुमची मुदत धावायला लागेल, म्हणून उशीर तुमच्याच खर्चाने होतो आहे. हरकत ठरला नाही, तर अकराव्या अटीचे जे काही देणे होते ते तुम्ही फेडलेले असेल. दोन्हीकडून करायची गोष्ट एकच आहे. फक्त सोबतचे पत्र नीट लिहा, नाहीतर कॅप्शन देणे म्हणजे आधीचे काम अपुरे असल्याची कबुली ठरेल. मी असे लिहीन: ‘आमचे काम आपणांस दि. २२ ऑगस्ट रोजी मिळाले असून अधिनियमातील मुदतीत त्यावर लेखी हरकत आलेली नाही. आमचे सर्व हक्क व थकीत रकमेवरील व्याजाची मागणी अबाधित ठेवून सोबत चाळीस चित्रफितींच्या कॅप्शन फायली सादर करीत आहोत.’ हे पत्र आवक विभागात द्या आणि या वेळी शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

चित्रांवर खाली मराठी ओळी आहेतच, मग कॅप्शन वेगळे कशाला, असे तुम्ही विचारता. तुम्ही पाठवलेल्या दोन चित्रफिती मी आवाज बंद करून पाहिल्या. खाली येतो तो सारांश. ताई चार वाक्ये बोलतात आणि पट्टीवर सहा शब्द दिसतात. शेळीला जंत झाल्यावर औषध किती आणि वजनाप्रमाणे कसे द्यायचे, ते त्या बोलतात, पण पट्टीवर येतच नाही. गोठ्यात कोण बोलते आहे कळत नाही. शेळी खोकते त्यावरून आजार ओळखायचा आहे आणि खोकल्याची नोंद कुठेच नाही. ऐकू न येणाऱ्या बाईने यातून काय शिकायचे? कॅप्शनमध्ये बोललेले सगळे येते, बोलणाऱ्याचे नाव येते, अर्थाचे आवाज येतात, आणि पाहणाऱ्याला ते चालू-बंद करता येतात. त्यासाठी एसआरटी किंवा व्हीटीटी फाईल वेगळी द्यावी लागते. यूट्यूबने आपोआप काढलेल्या मजकुरावर विसंबू नका. साताऱ्याच्या बोलीतले शब्द त्याला धड कळत नाहीत, आणि औषधाच्या मात्रेत एक आकडा चुकला तर जनावर जाईल. एखाद्या कर्णबधिर व्यक्तीला मानधन देऊन तपासून घ्या. चाळीस चित्रफितींचा हा खर्च तुमच्या अडकलेल्या रकमेपुढे थोडा आहे.

त्याच निकषाच्या वरच्या पातळीत दृष्टिहीनांसाठी ध्वनिवर्णनही (पडद्यावर काय दिसते ते बोलून सांगणे) येते. कार्यालयाने ते अजून मागितलेले नाही. तुम्ही आपणहून कबूल करू नका, पण कार्यादेशात पातळीचा उल्लेख आहे का ते मला कळवा.

कारवाईच्या धमकीने झोप उडाली आहे असे लिहिले आहे, म्हणून थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये कॅप्शन आणि सांकेतिक भाषेची तजवीज करण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. कलम ४६ खासगी सेवा पुरवठादारांनाही लागू होते, पण ते नियमांवर अवलंबून आहे, आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रातुरी प्रकरणात या कायद्याखालचा सुगम्यतेचा नियम १५(१) कायद्याशीच विसंगत ठरवला, कारण तो सक्तीचा नसून नुसता शिफारशीसारखा होता. केंद्राने तीन महिन्यांत सक्तीचे निकष आखावेत असे सांगितले. कायदा २०१७ च्या एप्रिलपासून लागू आहे आणि किमान निकष सक्तीचे करा हे २०२४ साली न्यायालयाला सांगावे लागले. बहिऱ्या-आंधळ्या माणसांनी किती वर्षे थांबायचे? तुमच्यापुरते इतकेच, की कलम ८९ खाली पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड आहे, कैद नाही, आणि ते तुम्हाला लावले जाईल असे मला आज वाटत नाही.

मार्च २०२४ ची जी मार्गदर्शक तत्त्वे तुम्ही जोडली आहेत, ती चित्रपटगृहात दाखवायच्या कथापटांसाठी आहेत. दूरचित्रवाणीची २०१९ ची मानके वाहिन्यांसाठी. तुमच्या कामाशी दोन्हींचा संबंध नाही.

पैशासाठी सुलभीकरण परिषदेकडे, म्हणजे छोट्या उद्योगांच्या थकीत देण्यांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी परिषदेकडे, ऑनलाइन अर्ज करा. तुमची उद्यम नोंदणी २०२१ ची, कार्यादेशाच्या आधीची आहे, हे फार बरे झाले. काम झाल्यावर नोंदणी करणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत. नंतरच्या नोंदणीचा मागच्या कामाला लाभ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ मध्ये म्हटले. २०२५ च्या जानेवारीत तो प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला, पण त्यात तुम्हाला पडायचे कारण नाही. व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने. निवाड्याला आव्हान द्यायचे तर कार्यालयाला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कायद्यात परिषदेला नव्वद दिवसांची मुदत आहे, पण तेवढ्यात निकाल लागेल असे धरून कुणाकडून उसने पैसे घेऊ नका. माझ्या अशिलांच्या तारखा याहून कितीतरी पुढे गेल्या आहेत, आणि छोटा धंदा त्या वाट पाहण्यातच बसतो.

अर्जाआधी एक काम उरते. त्या कार्यालयाच्या आवक नोंदवहीतल्या २० ते ३१ ऑगस्टच्या पानांची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज आजच द्या, उत्तर तीस दिवसांत यायला हवे. शिपायाने हार्ड डिस्क नोंदवली असेल, तर २२ ऑगस्ट सिद्ध होतो. नसेल, तर आपण ३ सप्टेंबर धरून अर्ज लिहू.