उत्तर आलं नाही, आता पुन्हा विचारू का?

लिटररी एजंटकडे, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणाऱ्या मध्यस्थाकडे, कादंबरी पाठवून बसलेली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर एका प्राध्यापिकेच्या अनुभवातून द्यावंसं वाटतं. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्या मुलुंडहून दादरला माझ्याकडे यायच्या. झोप उडालेली, छातीत धडधड. सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्यावर फॅमिली डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. वडील लालबागचे गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात त्यांचं घर कसं विस्कटलं, त्यावर त्यांनी इंग्रजीत कादंबरी लिहिली होती. मराठीत हस्तलिखित सहसा थेट प्रकाशकाकडे जातं, मधे एजंट क्वचितच असतो. लंडन-न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रकाशनसंस्था मात्र एजंटशिवाय आलेलं लेखन सहसा बघतच नाहीत. त्यामुळे या वाटेवरचे रीतिरिवाज सांगणारं त्यांच्या ओळखीत कुणीच नव्हतं.

त्यांनी काही एजंटांना मेल केली. पंधरवडा शांततेत गेला, मग त्यांनी सुधारलेलं दुसरं प्रकरण पाठवलं. आठवड्याने तिसरं. एकाला इन्स्टाग्रामवर मेसेज केला, एकीच्या ऑफिसात फोन केला. "मॅडम, मी स्वतःचं हसं करून घेतलं. आता माझं नाव काळ्या यादीत गेलं असणार," असं म्हणून त्या रडायला लागल्या.

काळ्या यादीची भीती मी आधी बाजूला केली. ज्याच्याकडे रोज ढिगाने मेल येतात, तो उतावीळ लेखकांची नावं लक्षात ठेवत बसत नाही. मग आम्ही त्यांची पत्रं उघडली. समुपदेशकाने अशीलाची व्यावसायिक पत्रं कशाला वाचायची, असं माझ्या क्षेत्रातले काही जण विचारतील. मला वाटतं, वाचावीत. भीती ज्या कागदात अडकली आहे तो कागदच दूर ठेवला तर बोलणं पोकळ होतं.

पहिल्या पत्राची सुरुवातच माफीने होती: आपला अमूल्य वेळ घेत असल्याबद्दल क्षमस्व. पुढे कादंबरी किती सामान्य आहे याचा पाढा. आणि हेच पत्र सगळ्या एजंटांना एकाच मेलमध्ये, सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतील असं. सारांशात शेवट झाकून ठेवलेला, उत्सुकता राहावी म्हणून.

माफी मागणारं पत्र आणि ऑफिसात केलेला तो फोन, दोन्हींचं मूळ मला एकच दिसलं. त्या पदर पसरून उभ्या होत्या. 'कुणाच्या पुढे पुढे करू नये' हे चाळीतलं वळण आणि 'कुणीतरी आपल्याला तारावं' ही आशा, दोन्ही एकमेकांना ओढत होत्या. पण एजंट उपकार करत नाही. लेखकाच्या उत्पन्नातून त्याला साधारण १५ टक्के, परदेशी हक्कांवर बहुधा २० टक्के कमिशन मिळतं, तेही पुस्तक विकलं गेलं तर. म्हणजे चांगल्या कादंबरीची गरज त्यालाही आहे. आधीच्या लेखकांची कामं आटोपून, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी तो नवीन लेखन वाचतो. उत्तराला उशीर होतो तो यामुळे.

हे पटल्यावर पत्र आपोआप बदललं. प्रत्येक एजंटला वेगळी मेल, नाव अचूक. त्याच्या संकेतस्थळावर जे मागितलंय तेवढंच: बहुतेक ठिकाणी एक छोटं पत्र, एक-दोन पानांचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणं किंवा ठरावीक पानं. अटॅचमेंट नको म्हटलं असेल तर मजकूर मेलमध्येच. सारांशात शेवट स्पष्ट सांगितलेला, कारण कथानक पेललंय का हे एजंटला त्यावरूनच कळतं. कादंबरी पूर्ण आहे, शब्दसंख्या इतकी, इतर एजंटांनाही पाठवली आहे. एकाच वेळी अनेकांना पाठवणं गैर नाही; कुणी फक्त आपल्यालाच हवी असं सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. आणि पाठवल्यावर दुरुस्त्या धाडायच्या नाहीत.

आता मूळ प्रश्न. एजंटने मुदत दिली असेल, समजा आठ किंवा बारा आठवडे, तर ती संपू द्यावी. मग त्याच मेलला जोडून तीन ओळींत एकदा विचारावं. हा लेखकाचा हक्क आहे, त्यात चिकटपणा काही नाही. 'या मुदतीत उत्तर आलं नाही तर नकार समजा' असं लिहिलेलं असेल तर मात्र विचारू नये. नकार आला तर वाद घालू नये.

खरी झुंज मेल तपासण्याशी होती. लोकलमध्ये, तासाच्या मधे, पहाटे तीन वाजतासुद्धा. कधी मिळेल ते ठाऊक नसलेलं बक्षीस माणसाला सगळ्यात चिवट सवय लावतं, आणि फोनवरचं इनबॉक्स नेमकं तसंच आहे. त्यांनी त्या मेलसाठी वेगळा पत्ता काढला, तो फोनवरून हटवला, आणि संध्याकाळी साडेसहाची एकच वेळ ठरवली. एका वहीत पाठवल्याची तारीख आणि विचारायची तारीख लिहिली. पहिला आठवडा त्यांना फार जड गेला. झोप हळूहळू परतली.

मधेच एकाने 'वाचनशुल्क' मागितलं. मी स्पष्ट सांगितलं, देऊ नका. प्रतिष्ठित एजंट वाचण्याचे पैसे लेखकाकडून घेत नाहीत. थकलेला लेखक अशा वेळी पाकीट उघडतो, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

काही महिन्यांनी एका एजंटने पूर्ण हस्तलिखित मागवलं, पाठोपाठ दुसरीने. तेव्हा अपराधीपणा नव्या रूपात आला: "पहिल्याला फसवतेय का मी?" नाही. इतरांकडेही आहे हे पत्रात आधीच लिहिलं होतं. उद्या एकाने प्रतिनिधित्वाचा प्रस्ताव दिला, तर लगेच हो म्हणायचं नाही. साधारण दोन आठवडे मागायचे आणि ज्यांच्याकडे हस्तलिखित आहे त्यांना कळवायचं. कमिशन किती, करार मोडायचा झाला तर काय, कोणते बदल सुचवणार, हे विचारायचं.

पहिल्याने नंतर दोन ओळींत नकार कळवला. त्यांनी एका ओळीत आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेल्या. दुसरीचं वाचन अजून चालू आहे.