क्लच केबल सारखी तुटतेय? आधी नळी बघा

प्रश्न : आजोबांची १९६७ची फोक्सवॅगन बीटल गाडी आहे, क्लच केबल सारखी तुटतेय आणि पेडल दगडासारखं जड झालंय. मेकॅनिक म्हणतो आतली नळी सुटलीय, अख्खा फ्लोअर पॅन (गाडीच्या तळाचा पत्रा) बदला. खरंच बदलावा लागेल का?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : अहो, घाई करू नका. पत्रा चांगला असेल तर पॅन अजिबात बदलू नका, तो जुनाच जपायला हवा. केबलची नळी मधल्या बोगद्यात, म्हणजे पुढच्या दोन सीटांमधल्या पोकळ उंचवट्यात, आत वेल्डिंगने धरलेली असते, ते वेल्डिंग सुटलं की पेडल दाबल्यावर केबलबरोबर नळीच हलते. गियरची दांडी काढा, त्या भोकातून नळीला बोट लावा आणि दुसऱ्याला पेडल दाबायला सांगा, हलली तर दुखणं तेच.

मग जिथे सुटलीय तिथे बोगद्याला छोटी खिडकी कापायची, नळी सरळ बसवून परत वेल्ड करायची, गंजून भोकं पडली असतील तर नवीन टाकायची आणि कापलेला तुकडा परत जोडायचा. पण एक गोष्ट कळकळीने सांगतो, पेट्रोलची लाइनही त्याच बोगद्यातून जाते! टाकी रिकामी, लाइन बाहेर, मागच्या सीटखालची बॅटरी आणि सीटही बाहेर, मगच ग्राइंडर लावा. सोलापूरच्या उन्हात तर पेट्रोलची वाफ पटकन होते.

शेवटी गियरबॉक्सजवळच्या लवचिक नळीला २५ ते ४५ मिमी झोळ ठेवा, केबलला ग्रीस लावा आणि पेडलला १० ते २० मिमी मोकळी चाल द्या.