गरम झाली की बंद पडते : जुन्या मोटरसायकलींबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच गोष्ट आहे, गाडी घरी उघडली, एकदम चार पार्ट बदलले आणि आता नेमकं काय बिघडलंय तेच कळेना. त्यामुळे पहिल्या उत्तराला जागा जास्त दिली आहे, बाकीच्यांनी समजून घ्या.

प्रश्न : सर, माझी जुनी सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोक आहे, पॉइंटवाली. थंड असताना दुसऱ्या किकला सुरू होते, पंधरा-वीस मिनिटं मस्त पळते आणि मग मिसिंग करत बंद पडते. अर्धा तास उभी ठेवली की परत सुरू. कार्बोरेटर तीनदा साफ केला, जेट बदलला, प्लग नवीन टाकला, फरक शून्य. आता काय बदलू?

उत्तर : आत्ता काहीच बदलू नका. कार्बोरेटर तर अजिबात उघडू नका, तीनदा साफ झालाय तो. गरम झाली की बंद आणि गार झाली की सुरू हे जेटमध्ये कचरा असल्याचं लक्षण नाही हो, कचरा असेल तर तो गाडी थंड असतानाही त्रास देणार.

पुढच्या वेळी बंद पडली की तिथेच, गार व्हायच्या आत दोन गोष्टी बघायच्या. आधी टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा सुस्स आवाज आला आणि त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली तर झाकणाला जे हवेचं बारीक भोक असतं ते बुजलंय, पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यायला लागते, ती आली नाही की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. बारीक तारेने भोक मोकळं करा, काम झालं.

आवाज आला नाही तर ठिणगी बघा. प्लग काढून कॅपमध्ये घाला, त्याची बॉडी हेडच्या पात्याला टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकापासून मात्र लांब टेकवा, किक मारली की त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ती पेटू शकते, आणि प्लग हाताने न धरता रबरी मुठीच्या पकडीने धरा. ठिणगी निळी आणि कडक असेल तर ठीक. पिवळट, बारीक, मध्येच गायब होणारी असेल तर संशय कंडेन्सर आणि कॉइलवर (कॉइल म्हणजे प्लगसाठी जोरदार व्होल्टेज तयार करणारी गुंडाळी).

आता पॉइंटचं, म्हणजे ठिणगीसाठी कॉइलचा करंट वेळेवर तोडणाऱ्या त्या छोट्या स्विचचं, झाकण काढून अंधारात बघा. गाडी चालू असताना पॉइंटमध्ये अगदी बारीक ठिणगी दिसली तर चालेल पण तिथे चांगला लख्ख निळा उजेड पडत असेल तर कंडेन्सर गेलाय. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधला करंट त्या फटीतून उडी मारायला बघतो, कंडेन्सर तो स्वतःत घेतो म्हणून पॉइंट जळत नाहीत आणि प्लगला जोरदार ठिणगी मिळते. कंडेन्सरचं आतलं इन्सुलेशन जुनं झालं की थंड असताना धकून जातं, तापल्यावर लीक व्हायला लागतं. पॉइंट बाहेर काढून उजेडात धरा, एका बाजूला छोटा खड्डा आणि समोरच्या बाजूला तेवढाच टेंगूळ दिसला तर एका बाजूचा धातू उडून दुसरीकडे जाऊन बसलाय, म्हणजे कंडेन्सर बरेच दिवस नीट काम करत नाहीये. बारीक कानशीने दोन्ही बाजू सपाट करा, मग कोऱ्या कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये भिजवून मधून ओढा, पट्टी पांढरी निघेपर्यंत ओढा. गॅप फीलर गेजनेच (मापाच्या पातळ पट्ट्या असतात त्या) लावा, बऱ्याच जुन्या गाड्यांना ०.३५ ते ०.४० मिमी असतो, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा असेल तो खरा. कॅमवर घासणारी टाच झिजत जाते तसा गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे पडतं आणि इंजिन जास्त तापतं, म्हणून गॅप लावल्यावर टायमिंगही तपासा.

मग आधी फक्त कंडेन्सर बदला आणि अर्धा तास चालवून बघा. फरक नाही पडला तर जुना परत लावून मग कॉइल. आणि जुना पार्ट फेकू नका, हे मी कळकळीने सांगतो. माझ्या गाडीत मी नवीन कंडेन्सर टाकला, बिघाड तसाच राहिला म्हणून कॉइल बदलली, मग सगळं वायरिंग उघडलं, दोन रविवार गेले आणि शेवटी कळलं की तो नवीन कंडेन्सरच खराब निघाला होता. जुना जपून ठेवला असता तर परत लावून पहिल्याच दिवशी कळलं असतं. तेव्हापासून काढलेला प्रत्येक पार्ट पिशवीत, पिशवीवर तारीख, आणि गाडी नीट दोन-तीन महिने पळाल्याशिवाय ती पिशवी हलत नाही.

प्रश्न : नमस्कार सर, वडिलांची गाडी बारा वर्षं उभी आहे. मला ती पुन्हा चालू करायचीये. टाकीत आतून गंज आहे, ॲसिड टाकून साफ करू का? वडील आता नाहीत, त्यामुळे टाकीचा मूळ रंग खराब व्हायला नको.

उत्तर : ताई, जोरदार ॲसिड नको. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं आणि जुनी टाकी पातळ झालेली असते. सायट्रिक ॲसिडची पावडर कोमट पाण्यात विरघळवून वापरा, पांढरं व्हिनेगरही चालतं, वेळ लागतो पण पत्रा वाचतो. आधी शिळं पेट्रोल काढा आणि हे काम उघड्यावर करा. पेट्रोल काढून रिकामी झालेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात, त्यामुळे साबणाच्या पाण्याने चांगली तीन-चारदा धुवा, वास गेल्याशिवाय हेअर ड्रायर जवळ आणू नका.

पेट्रोल कॉक काढून भोक बंद करा, मूठभर छोटे नट आत टाकून टाकी हलवा म्हणजे गंजाचे पापुद्रे सुटतील. नट टाकताना मोजा आणि काढताना मोजा. मग द्रावण काठोकाठ भरून एक दिवस ठेवा, तोंडाच्या कडेला बाहेरून ग्रीसचा जाड थर लावा म्हणजे ओघळ रंगावर जाणार नाही. ओतून दिल्यावर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा, आणि वाळल्या वाळल्या थोडं इंजिन ऑइल आत फिरवा, नाहीतर नव्याने उघडा पडलेला पत्रा तासाभरात लाल होतो. ते ऑइल पहिलं पेट्रोल भरण्याआधी थोड्या पेट्रोलने धुऊन काढायचं. आतून कोटिंग मी तरी टाकी गळत असेल तरच करतो, कारण कोटिंग सुटलं की त्याचे तुकडे थेट जेटमध्ये येतात.

आणि किक मारायची घाई नको. प्लग काढून सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या, मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने हळू फिरवा. अडलं तर जोर लावायचा नाही, अजून ऑइल सोडायचं आणि अजून थांबायचं. बारा वर्षं थांबलीये गाडी, अजून आठवडा थांबेल. वडिलांनी केलेलं वायरिंग किंवा एखादा जुगाड सापडला तर काढण्याआधी फोटो काढून ठेवा.

प्रश्न : जुन्या गाडीला शिसं असलेलं पेट्रोल लागायचं म्हणतात, आता काय करायचं? आणि इथेनॉलचं काय?

उत्तर : शिशाचं पेट्रोल आता मिळणार नाही, २०२१ मध्ये शेवटच्या देशातही गाड्यांसाठी त्याची विक्री बंद झाली. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ज्या कड्यावर बसतो ती सीट शिशामुळे झिजायची नाही. टू-स्ट्रोकला हा प्रश्नच नाही, तिला असे व्हॉल्व्ह नसतात. फोर-स्ट्रोक असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप दर सर्व्हिसला वहीत लिहून ठेवा. तो सारखा कमी होत असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत चाललाय, तेव्हा हेडला कडक सीट बसवून घ्या, तोपर्यंत आरामात चालवा. मला इथेनॉलची काळजी जास्त वाटते. ते जुने रबरी पाइप मऊ करतं आणि पाणी ओढून घेतं, म्हणून पाइप इथेनॉल सोसणारा टाका आणि गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरच्या खालच्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाका.

प्रश्न : दादा, जपानी गाडीच्या कार्बोरेटरचे स्क्रू फिरवले की डोकीच खराब होतात. आणि मित्राच्या ब्रिटिश गाडीला एकही पाना नीट बसत नाही. पाने चांगल्या क्वालिटीचे आहेत.

उत्तर : तुमचा हात चुकत नाहीये, हत्यार चुकतंय. जपानी गाड्यांचे ते अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचे स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात पण जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे असतात, बऱ्याचदा डोक्यावर छोटा ठिपकाही असतो. फिलिप्स ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर उचलला जातो आणि खाच खातो. जेआयएसचा ड्रायव्हर घ्या, स्क्रू रात्रभर तेलात भिजवा आणि दाब देऊन फिरवा. कार्बोरेटरवर हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर नको, बॉडी तडकेल, तो साइड कव्हरच्या स्क्रूंसाठी ठेवा.

जुन्या ब्रिटिश गाडीला व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे पाने लागतात. त्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नाही, त्यामुळे पाव इंची व्हिटवर्थचं डोकं साधारण १३.३ मिमी भरतं. त्यावर १३ चा पाना बसतच नाही आणि १४ चा ढिला बसून कोपरे गोल करतो. मित्राला सांगा, पहिले व्हिटवर्थचा एक सेट घ्या आणि तोपर्यंत एकही नट उघडू नका.

जाता जाता, दोघांनीही टायरच्या बाजूला डॉट (DOT) लिहिलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे ३११२ असेल तर २०१२ चा एकतिसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे, नक्षी कितीही चांगली दिसली तरी त्यावर गाडी रस्त्यावर काढू नका.