शिनकाईचे पिक्चर सारखेच वाटतायत? मग हे करून बघ

अरे, तुला तीन पिक्चरमध्येच सगळं तेच तेच वाटायला लागलं ना, बरोबरच आहे, माकोतो शिनकाई या जपानी अ‍ॅनिमे दिग्दर्शकाचा साचा आहेच. लांब पडलेली दोघं, ट्रेन, ढगांनी भरलेलं आकाश, मनातलं बोलणं आणि ऐन मोक्याला गाणं, 'युअर नेम'पासून तर रॅडविम्प्स या जपानी बँडचंच. पण म्हणून सोडू नकोस, रिलीजच्या क्रमाने बघ आणि एकच गोष्ट पकड, मी तर ट्रेनच धर म्हणेन. 'फाइव्ह सेंटीमीटर्स पर सेकंड' (2007) च्या शेवटी फाटकावर दोघं एकमेकांना ओलांडून जातात, तो मागे वळतो तेवढ्यात मध्ये गाड्या येतात, गाड्या गेल्यावर पलीकडे कोणीच नाही. आता 'युअर नेम' (2016) चा शेवट बघ, दोन शेजारच्या ट्रेन, काचेतून नजरानजर, आणि या वेळी दोघंही उतरून शोधत पळतात आणि जिन्यावर भेटतात! माल तोच रे, पण उत्तर उलटं दिलंय, मला तर तिथे दरवेळी भरून येतं. संकटाचंही तसंच, आधी 'युअर नेम'मध्ये धूमकेतू, मग 'वेदरिंग विथ यू'मध्ये न थांबणारा पाऊस, आणि 'सुझुमे' (2022) मध्ये थेट जपानमधला 2011 चा भूकंप. फक्त 'सुझुमे' घाईत बघू नकोस, त्यातली लहानपणीची डायरी नीट बघ, काळी केलेली पानं.