आधी सांगू दे

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चौथीच्या 42 मुलांनी 'मुद्द्यांवरून गोष्ट' लिहिली आणि 42 वह्यांत एकच लाकूडतोड्या, एकच नदी, खाली एकच तात्पर्य. आता तू विचारतेस, शब्दांचे तक्ते लावू, चित्रं देऊ, की सुरुवात-मध्य-शेवट असे रकाने आखून देऊ?

अगं, गोवंडीतल्या पोराने लाकूडतोड्या पाहिलाय कुठे? आणि तुझ्याच पत्रात ओझरतं आलंय, की देवनारच्या बाजारातून सुटलेली बकरी रिक्षाच्या टपावर चढली, हे एक मुलगा मधल्या सुट्टीत हातवारे करून सांगत होता. तू त्याला म्हणालीस, 'डबा खा.' गोष्ट तिथे होती, बाई!

आधी सांगू दे, मग लिहू दे. जोड्या कर. एकाने सांगायचं, दुसऱ्याने फक्त 'मग?' विचारायचं. ऐकणाऱ्याचं 'मग?' थांबलं की गोष्ट कुठे रेंगाळली ते सांगणाऱ्याला आपोआप कळतं. मग जोड्या बदल, तीच गोष्ट पुन्हा. पहिल्यांदा नुसती 'बकरी पळाली' असते, तिसऱ्यांदा रिक्षावाल्याचा चहा सांडलेला असतो. वही तेव्हा उघडायची. 35 मिनिटांच्या तासातली 20 बोलण्यात गेली तर जाऊ देत. मुख्याध्यापक गोंगाट म्हणतील. म्हणू देत.

हे मला कोणी शिकवलं नाही. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी लालबागच्या एका शाळेत नवीन होते. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट लिहायला दिली होती. एकाने लिहिलं, 'मडक्यात पानी नव्हतं. नळ चारला सुटतो. म्हनून कावळा आमच्या बाबांसंगं वट्यावर बसला. बाबा पन घरीच हाय.' मी सगळ्या 'न'ना लाल गोल केले, खाली 'तात्पर्य कुठे?' लिहिलं, 10 पैकी 2 दिले. पुढच्या वेळी त्याने पुस्तकातला, खडे टाकणारा कावळा जसाच्या तसा उतरवला. मी 8 दिले. वर शाबासकीही दिली.

वर्गात 60 पोरं होती, तपासणीला येणारे साहेब वहीतली लाल शाई मोजायचे, हे सगळं खरं आहे. तरी तो ओटा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

शुद्धलेखन नको असं म्हणत नाही मी. आजही 'पानी' दिसलं की हात शिवशिवतो. पण ते दुसऱ्या दिवशी, आणि एका वेळी एकाच प्रकारची चूक. त्याआधी सांगू दे. तुला तक्ते आवडतात, मला माहीत आहे, सुबक करतेस. लाव, पण नंतर.

बाकी, त्या बकरीला खाली कोणी उतरवलं? रिक्षा उभी होती की चालू? त्याला विचार आणि मला कळव. डबा खाऊन झाल्यावर विचारलंस तरी चालेल.

तुझी,
बाई