चहाला निम्मं जग ‘चा’ म्हणतं, निम्मं ‘टी’. आणि शब्दांच्या गोष्टींची पारख

विचारणा अशी आहे: चहाला काही भाषांत ‘चा’, ‘चाय’ आणि काहींत ‘टी’, ‘ते’ असं का म्हणतात? आणि शब्दांच्या जन्मकथा म्हणून जे संदेश मोबाइलवर फिरतात (‘न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ’ वगैरे), त्यांतले खरे कोणते हे कसं ओळखायचं? दोन्ही प्रश्न एकत्रच घेतो. पहिल्याचं उत्तर नीट कळलं की दुसऱ्याचं निम्मं काम होतं.

चहा मूळचा चीनचा. लिहिताना त्यासाठी चीनभर एकच चिन्ह वापरतात, पण ते वाचायचे उच्चार प्रांतागणिक बदलतात. मँडरिन आणि कँटनीजमध्ये ते ‘चा’ वाचतात, तर आग्नेय किनाऱ्यावरच्या फुजियान प्रांतातल्या होक्कियन बोलीत ‘ते’. आता माल कोणी कुठून उचलला ते बघा. पोर्तुगीजांनी १५५७ मध्ये चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मकाऊला बस्तान बसवलं. तिथली बोली कँटनीज, म्हणून त्यांनी ‘चा’ घेतला. आजचे पोर्तुगीज तो ‘शा’ असा उच्चारतात. मध्य आशियातून खुष्कीने इराणकडे गेलेला शब्दही ‘चा’च होता. फारसीत त्याला शेवटी ‘य’ जोडला गेला आणि पुढे रशियन, तुर्की, हिंदी सगळीकडे ‘चाय’ रूढ झाला. अरबीत ‘च’ नाही, म्हणून तिथे ‘शाय’. आपला ‘चहा’ याच घराण्यातला.

डचांचं गणित वेगळं होतं. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा मुक्काम जावा बेटावर, आणि त्या बंदरांत चिनी माल घेऊन येणारी जहाजं मुख्यतः फुजियानची. त्यामुळे डचांच्या कानावर ‘ते’ पडला. पश्चिम युरोपला सुरुवातीला चहा पुरवला तो मुख्यतः डचांनीच, म्हणून इंग्रजी, फ्रेंच, जर्मन या सगळ्या भाषांत त्याच कुळातले शब्द आहेत. सोळाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीतही ‘चा’ची नोंद सापडते, पण डच माल आला तसा तो मागे पडला. लंडनचा सरकारी अधिकारी सॅम्युअल पीप्स आपल्या रोजनिशीत २५ सप्टेंबर १६६० रोजी ‘टी’ नावाचं चिनी पेय प्यायल्याचं लिहितो. त्या काळी उच्चार ‘टे’च्या जवळचा होता, ‘टी’ नंतर झाला.

‘समुद्राने गेला तो टी, जमिनीने गेला तो चा’ असं सुटसुटीत सूत्र बरेच जण सांगतात. सूत्र आकर्षक आहे, पण पोर्तुगीजही समुद्रानेच आले होते आणि त्यांनी ‘चा’ नेला. म्हणजे वाट कोणती यापेक्षा माल कोणाच्या हातून घेतला हे महत्त्वाचं. वस्तूचं नाव बहुतेकदा उत्पादकाकडून येत नाही, विकणाऱ्याकडून येतं. एवढं ध्यानात ठेवलं तर खाण्यापिण्याच्या शब्दांतली बरीच कोडी सुटतात. त्याच फुजियानी दर्यावर्द्यांकडे ‘के-चियाप’ नावाची आंबवलेल्या माशांची पातळ चटणी असे. ती मलाय लोकांमार्फत इंग्रजांपर्यंत पोचली आणि तिचं ‘केचप’ झालं. युरोपात आधी आक्रोड आणि अळंबीची केचप करत. टोमॅटोची एकोणिसाव्या शतकात आली. आज केचप म्हणजे टोमॅटो हे समीकरण इतकं पक्कं आहे की नावात टोमॅटोचा मागमूसही नाही हे लक्षातच येत नाही.

विकणाऱ्याच्या नावाचं सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे टर्की. हा पक्षी मेक्सिकोतला. स्पॅनिशांनी सोळाव्या शतकात तो युरोपात आणला. इंग्लंडमध्ये गिनी फाउल हा आफ्रिकेतला पक्षी आधीच माहीत होता. तो तुर्की व्यापाऱ्यांच्या हातून येई म्हणून त्याला ‘टर्की’ म्हणत, आणि तेच नाव या नव्या पक्ष्याला चिकटलं. फ्रेंचांनी त्याला ‘दँद’ म्हणजे हिंदुस्थानचा म्हटलं, कारण अमेरिकेलाही तेव्हा ‘इंडीज’च म्हणत. खुद्द तुर्कस्तानात त्याचं नाव ‘हिंदी’. डच ‘काल्कून’ म्हणतात, ते आपल्या कालिकतवरून. पोर्तुगीजांनी त्याला ‘पेरू’ देशाचं नाव दिलं. मलायमध्ये तो ‘आयाम बलांदा’, म्हणजे डच कोंबडी. सहा भाषांत सहा नावं, प्रत्येक नाव बोट दाखवतं दुसऱ्याच देशाकडे, आणि एकाही नावात मेक्सिको नाही.

संत्र्याचा प्रवास मला सर्वांत आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. द्राविडी भाषांतून संस्कृतात ‘नारंग’ आला. तिथून फारसीत ‘नारंग’, अरबीत ‘नारंज’. अरबांनी भूमध्य समुद्राच्या काठाने या झाडाची लागवड केली आणि स्पॅनिशमध्ये ‘नारांहा’ हा शब्द आला. स्पॅनिशमध्ये ‘न’ टिकला, पण इटालियन आणि फ्रेंचमध्ये तो गळाला. इटालियनमध्ये ‘ऊना नारांचा’ म्हणताना आधीच्या शब्दाचा ‘न’ आणि फळाचा ‘न’ एकमेकांत मिसळले, ऐकणाऱ्याला ‘ऊन आरांचा’ वाटलं आणि तेच रूढ झालं. फ्रेंचमध्ये ‘ऑर’ म्हणजे सोनं. सोनेरी फळाच्या नावाची सुरुवात ‘ऑर’ने होण्यात त्याचाही वाटा असावा असं मानतात.

इथेच एक लोकप्रिय चूक आहे. ‘अ नॉरेंज’चं ‘अ‍ॅन ऑरेंज’ झालं असं पुष्कळदा वाचायला मिळतं. तसं झालं नाही. इंग्रजीने हा शब्द फ्रेंचकडून घेतला तेव्हाच त्याचा ‘न’ गेलेला होता. ‘अ’ आणि ‘अ‍ॅन’ची अदलाबदल इंग्रजीत खरोखर झाली आहे, पण ती ‘एप्रन’मध्ये (आधी ‘नॅप्रन’) आणि ‘अंपायर’मध्ये (आधी ‘नूंपेर’). प्रक्रिया खरी असली तरी ती त्याच शब्दात घडली याचा पुरावा वेगळा लागतो. खऱ्याच्या अगदी शेजारी बसलेली ही चूक पकडणं सर्वांत कठीण असतं.

पुढचा टप्पाही तितकाच रंजक आहे. अरबांनी नेलेलं नारिंग कडू होतं. गोड जात युरोपात नंतर पसरली आणि तिच्या व्यापारात पोर्तुगीज आघाडीवर होते. म्हणून ग्रीकमध्ये ते ‘पोर्तोकाली’, तुर्कीत ‘पोर्ताकाल’, अरबीत ‘बुर्तुकाल’. फारसीत तर कडू फळाला जुनं ‘नारेंज’ आणि गोडाला ‘पोर्तेकाल’ अशी वाटणीच झाली आहे. डच मात्र त्याला ‘सिनासआपल’, म्हणजे चीनचं सफरचंद म्हणतात. इंग्रजीत रंगाचं नाव म्हणून ‘ऑरेंज’ सोळाव्या शतकात आलं. त्याआधी हा रंग ‘पिवळा-तांबडा’ असा जोडशब्दाने सांगत.

साखरेबद्दल थोडक्यात. ‘शर्करा’चा मूळ अर्थ वाळूचे जाड कण, खडे. दाणेदार गोड पदार्थाला तेच नाव पडलं, मग फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’, इटालियन ‘झुक्केरो’, इंग्रजी ‘शुगर’. ‘खंड’पासून फारसी ‘कंद’ आणि इंग्रजी ‘कँडी’. ग्रीकमार्गे गेलेल्या त्याच ‘शर्करा’वरून १८७९ मध्ये सापडलेल्या सॅकरिनला नाव मिळालं, जी साखर नव्हेच. हिंदीत मात्र साखरेची नावं ‘मिश्री’ आणि ‘चीनी’, म्हणजे मिस्र (इजिप्त) आणि चीन. शब्द इथून गेला, आणि शुद्ध केलेल्या साखरेची नावं बाहेरच्या देशांवरून पडली.

आता खऱ्या-खोट्याची पारख. मी आधी तारीख बघतो. जपानी ‘अरिगातो’ हा पोर्तुगीज ‘ओब्रिगादो’वरून आला, दोन्हींचा अर्थ धन्यवाद, असं ठासून सांगतात. पोर्तुगीज जपानला पोचले १५४३ मध्ये. ‘अरिगातो’चं मूळ रूप, ‘दुर्मीळ, सहसा न मिळणारं’ या अर्थाचं, त्याच्या शेकडो वर्षं आधीच्या जपानी लेखनात आहे. म्हणजे साम्य निव्वळ योगायोगाचं. आणि तरीही पोर्तुगीजांचे शब्द जपानीत आहेतच: पावाला जपानी लोक ‘पान’ म्हणतात, तो पोर्तुगीज ‘पांव’वरून, आपल्या ‘पाव’चा सख्खा भाऊ. हिंदी ‘आलू’चंही तसंच. संस्कृतात ‘आलु’ हा खाण्याच्या कंदाला शब्द होता, बटाटा अमेरिकेतून येण्याच्या फार आधीपासून. जुना शब्द नव्या कंदाला लावला गेला. मराठीने मात्र ‘बटाटा’ पोर्तुगीजांकडून घेतला, आणि तो कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांचा रताळ्यासाठीचा शब्द आहे.

मग बघतो की गोष्ट प्रथम कोणी आणि केव्हा सांगितली. सँडविच हे नाव सँडविच या गावाचा चौथा अर्ल (म्हणजे इंग्लिश सरदार) जॉन माँटेग्यू याच्यावरून पडलं, याबद्दल वाद नाही. इतिहासकार एडवर्ड गिबनच्या रोजनिशीत १७६२ मध्ये हा शब्द पदार्थ म्हणून आलेला आहे. पण जुगाराच्या टेबलावरून उठायला नको म्हणून त्याने पावात मांस घालून मागवलं, ही कथा एका फ्रेंच प्रवाशाने १७७० च्या सुमारास छापलेल्या लंडनवर्णनातली. अर्ल नौदलाच्या कारभारात बुडालेला असे, त्यामुळे कामाच्या मेजावर बसूनच तो हे खात असेल असं त्याच्या चरित्रकाराचं मत, आणि मला ते जास्त पटतं. क्रॉसाँ या फ्रेंच पावाची गोष्ट तर तारखेवरच कोसळते. १६८३ मध्ये तुर्कांचा व्हिएन्नाचा वेढा उठला, त्या आनंदात बेकऱ्यांनी चंद्रकोरीचा पाव केला म्हणतात. ऑस्ट्रियात ‘किप्फेर्ल’ हा वाकडा पाव त्याच्या शतकानुशतकं आधीपासून होता, आणि पॅरिसला तो पोचवला १८३० च्या दशकाच्या अखेरीस ऑगस्ट झँग याने काढलेल्या व्हिएन्नी बेकरीने.

कांगारूची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच: इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कूकने विचारलं हा प्राणी कोणता, तिथला माणूस ‘कांगारू’ म्हणाला, म्हणजे ‘मला माहीत नाही’. हे साफ खोटं आहे. १७७० मध्ये कूकचं ‘एंडेव्हर’ जहाज प्रवाळाला धडकून फुटलं, तेव्हा डागडुजीसाठी ते ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर एका नदीत थांबलं होतं. तिथल्या गुगू यिमिधिर लोकांकडून कूक आणि त्याच्यासोबतचा निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स यांनी हा शब्द टिपला. पुढे १८२० मध्ये फिलिप पार्कर किंग हा नौदल अधिकारी त्याच ठिकाणी गेला, त्याला वेगळाच शब्द मिळाला आणि आधीची नोंद संशयात पडली. १९७० च्या दशकात जॉन हॅविलँड या भाषाशास्त्रज्ञाने ती भाषा तिथे राहून अभ्यासली. तेव्हा कळलं की ‘गंगुर्रू’ हे एका विशिष्ट, मोठ्या जातीच्या कांगारूचं नाव आहे, आणि किंगने टिपला होता तो ‘खाण्याजोगा प्राणी’ या अर्थाचा सर्वसाधारण शब्द. दोन्ही नोंदी बरोबर होत्या. त्या भाषेच्या माणसांना कोणी नीट विचारलं नव्हतं, म्हणून दीडशे वर्षं त्यांच्या तोंडी ‘माहीत नाही’ घातलं गेलं, याचं मला वाईट वाटतं.

राहिला ‘न्यूज’. आद्याक्षरं जोडून रोजच्या वापराचा शब्द घडवणं ही प्रथा विसाव्या शतकातली: रडार, लेसर ही खरी उदाहरणं. त्याआधीच्या एखाद्या जुन्या शब्दाची फोड आद्याक्षरांनी केलेली दिसली तर ती मागाहून रचलेली, असंच धरून चाला. ‘न्यूज’ हे ‘न्यू’चं अनेकवचन, म्हणजे ‘नव्या गोष्टी’. फ्रेंचमध्येही बातम्यांना ‘नूव्हेल’ म्हणतात. ‘टिप’ म्हणजे ‘टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस’ आणि ‘गोल्फ’ म्हणजे ‘जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’ हेही त्याच पंगतीतले. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये गोल्फवर बंदी घातली, ती लोक धनुर्विद्येचा सराव सोडून हा खेळ खेळतात म्हणून. तेव्हाही खेळाचं नाव गोल्फच होतं.

स्वतः शोधायचं असेल तर इंग्रजी शब्दासाठी ऑक्सफर्डचा मोठा कोश बघा, त्यात प्रत्येक अर्थाची पहिली लिखित नोंद सालासकट दिलेली असते. मराठीसाठी कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश आहे, आणि एखादा शब्द एकोणिसाव्या शतकात कोणत्या अर्थाने चालत होता हे बघायला मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची १८५७ ची आवृत्ती. ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते.